आमच्या काळी अशी मुलं नव्हती

थेरपी सेंटरच्या बाहेर नातवाला घेऊन बसलेले आमच्या वयाचे आजी-आजोबा एक वाक्य हमखास म्हणतात, ‘आमच्या काळी अशी मुलं नव्हती हो.’ शेजारच्या खुर्चीतले आजोबा मान डोलावतात. मग दोघं मिळून मोबाइल, मैदा, पिशवीतलं दूध, उशिरा होणारी लग्नं आणि सिझेरियन यांच्या माथी खापर फोडतात. फोडून होतंय तोवर आतून हाक येते.

नव्हती कशी? चांगली होती. कुठलीही तारीख सांगा, क्षणात वार सांगणारा एक वाड्यात होता. ‘कालनिर्णय’ घरात आलं की दोन दिवस तो कुणाच्या हाती लागायचा नाही. दुपारी बाहेर काढलेल्या सगळ्यांच्या चपला आकारानुसार ओळीत लावणारी एक मुलगी होती. अख्खा धडा तोंडपाठ, पण फळ्यावरचं उतरवून घ्यायची वेळ आली की ‘ब’चा ‘व’ आणि ‘प’चा ‘ष’ करणारा होता. दोन मिनिटं बूड टेकायचा नाही असा तर प्रत्येक मजल्यावर एक होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत २ ते ९ वर्षांच्या साधारण आठ मुलांमागे एकात मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण आढळली. त्यात ऐकण्याच्या, बघण्याच्या अडचणी आणि फिट्स येणंही धरलं होतं. आमच्या वाड्यात तीसेक पोरं होती. हिशेब बरोबर जुळतो.

फरक इतकाच, की तेव्हा अशा मुलाला एक टोपणनाव मिळायचं आणि आता एक फाइल मिळते. टोपणनाव फुकट होतं आणि आयुष्यभर पुरायचं. फाइलला पैसे पडतात आणि ती दर सहा महिन्यांनी जाड होते. त्या फाइलमध्ये एक फॉर्म असतो आणि तो भरताना घराघरांत भलताच प्रकार घडतो. ‘घराण्यात कुणी उशिरा बोललं होतं का? कुणाला गर्दीचा, आवाजाचा त्रास? कुणी ठरावीक सवयींना चिकटून?’ आजोबा ठासून सांगतात, ‘आमच्यात कुणीच नाही.’ आजी चष्मा पुसत म्हणतात, ‘लग्न झाल्यापासून बघतेय, तुमची खुर्ची हलवली की तुम्हाला जेवण जात नाही. पाहुणे आले की गच्चीवर जाता. माझ्या बहिणीच्या लग्नात बँड सुरू झाला तेव्हा कुठे होतात?’ ‘ती शिस्त आहे,’ आजोबा म्हणतात. सूनबाई काही न बोलता फॉर्मवर खूण करते.

अशी खूण आमच्यातल्या अनेकांना साठी ओलांडल्यावर मिळाली. नातवामुळे आजोबा कळले. कळून करायचं काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

वाड्यातल्या त्या कालनिर्णयवाल्याकडे कामं होती, हे आता फार आठवतं. पहाटे सरकारी दूध केंद्राच्या रांगेत तो सगळ्या बिऱ्हाडांची कार्डं घेऊन उभा राहायचा. कुणाच्या किती बाटल्या, कुणाचे किती सुटे परत, यात त्याची कधी चूक झाली नाही. गिरणीत कुणाचं ज्वारीचं पीठ, कुणाचं गव्हाचं, कुणाचं ‘जरा जाडसर’ हे त्याला डब्यांवरून कळायचं, आणि ज्वारीवर गहू दळायला लागला तर गिरणीवाल्यालाही तो सोडायचा नाही. रॉकेलच्या रांगेत नंबर धरायला, अमक्याच्या गाडीला उठवायला तोच. त्या काळचं जगणं एकसुरी कामांनी भरलेलं होतं, आणि एकच काम रोज तसंच्या तसं करण्यात ज्याला सुख वाटतं अशा माणसाला त्यात सहज जागा निघायची. आम्हाला कंटाळा यायचा, त्याला आला नाही.

आता दूध दारात येऊन पडतं, पीठ पाकिटातून, आणि गॅस मेसेजवर. ती सगळी कामं गेली आणि त्यांच्या जागी व्होकेशनल युनिट आलं. तिथं ही मुलं मन लावून कागदी पिशव्या करतात, पणत्या रंगवतात, आकाशकंदील चिकटवतात. दिवाळीपूर्वी प्रदर्शन भरतं आणि एका मुलाची आई दुसऱ्या मुलाच्या पणत्या विकत घेते. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीनं २०१३ साली स्वमग्न माणसांना ठरवून नोकरीवर घ्यायचा कार्यक्रम जाहीर केला, तशा बातम्या मधूनमधून येतात. आईवडील त्या एकमेकांना पाठवतात. पण बातमीतला मुलगा कोडिंग करणारा असतो आणि घरातला मुलगा गिरणीत डबे ओळखणारा असतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण गळा भरून यायला लागलाय आणि तो भरून आला की आमची पिढी हमखास खोटं बोलते. दुधाच्या कामाचे त्याला पैसे किती मिळत? काहीच नाही. कुणी चहा दिला, कुणी दिवाळीत चार लाडू. आम्ही त्याला ‘घरातलाच’ म्हणायचो, आणि घरातल्याला पगार कुठे देतात! पावसात भिजत तो उभा असायचा तेव्हा आमच्यातलं कुणी छत्री घेऊन गेल्याचं आठवत नाही. परत आल्यावर ‘१४ नोव्हेंबर ६२ ला कुठला वार रे?’ असं विचारून त्याच्याकडून खेळ करून घ्यायला मात्र आम्ही पुढे असायचो.

केस कापण्याचंच घ्या. रविवारी सकाळी वाड्यात न्हावी यायचा. लाकडी पेटी, पितळी वाटी, तुरटीचा खडा आणि हातानं चालवायचं मशीन. चौकात गोणपाट टाकून तो पोरांना एकेक करून पुढ्यात घ्यायचा. मानेला कात्री टेकलेली ज्याला सहन व्हायची नाही त्या पोराची पाळी सगळ्यांत शेवटी. त्याची आजी समोर पाटावर बसायची, ओच्यातल्या भाजलेल्या शेंगा एकेक करून सोलायची आणि दाणा त्याच्या तळहातावर ठेवायची. न्हावी दोन कातरे मारायचा, थांबायचा, गावाकडच्या म्हशीची काहीतरी गोष्ट सांगायचा, पुन्हा दोन कातरे. एका कानावरचे केस होईतो पोर किंचाळून लालबुंद झालेलं असायचं. मग न्हावी मशीन पुसून पेटीत ठेवायचा. ‘ऱ्हाऊ द्या आजी. ह्या अंगाचं फुडल्या ऐतवारी.’ आणि आठवडाभर ते पोर एका बाजूनं भादरलेलं आणि दुसऱ्या बाजूनं झिपरं असं शाळेत जायचं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही, आणि दोन दिवसांनी आम्हालाही वाटेनासं व्हायचं.

हे झालं आजी हयात असतानाचं. ती गेल्यावर त्याचे वडील आणि काका हातपाय धरून बसायचे आणि एकाच रविवारी दोन्ही बाजू उरकायच्या. चौकापलीकडे आमच्या गोट्या चालू असायच्या. त्या किंकाळीनं आमचा नेम चुकल्याचं स्मरणात नाही.

आजचं मूल सलूनमध्ये जातं. तिथे चारी बाजूंना आरसे, वर पांढरेफटक दिवे, ट्रिमरची घरघर, मानेवर अचानक थंड पाण्याचा फवारा, आणि स्पीकरवर कुणाला तरी आवडणारं गाणं. पण आजच्या आईच्या हातात काहीतरी असतं. थेरपिस्टनं चित्रांची पट्टी करून दिलेली असते. खुर्ची, अंगावरचं कापड, कंगवा, कात्री, आणि शेवटच्या चौकोनात ‘संपलं’. आठवडाभर ती पट्टी घरात वाचली जाते. ट्रिमर आधी दुसऱ्या खोलीत सुरू होतो, मग दारात, मग सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, मग बाबांच्या डोक्यावर. सलूनला फोन करून मंगळवारची दुपार ठरवली जाते, गाणं बंद ठेवायची विनंती केली जाते. मूल कानांवर जाड हेडफोन घालून बसतं आणि एकेका चित्रावर बोट ठेवत शेवटच्या चौकोनापर्यंत पोहोचतं. केस दोन्ही बाजूंनी कापले जातात, किंकाळी न होता. हे आमच्या चौकातल्यापेक्षा चांगलं आहे, यात शंकाच नको. फक्त त्या आठवडाभरात आई आणि मूल सोडून तिसरं माणूस फारसं कुठे दिसत नाही. शेंगा सोलायलाही तीच, म्हशीची गोष्ट सांगायलाही तीच.

शाळेचं स्मरणरंजन करायला मात्र मन धजावत नाही. प्रवेश सोपा होता, हे कबूल. नगरपालिकेच्या शाळेत हेडमास्तर नाव विचारायचे, जन्मतारीख ठाऊक नसेल तर १ जून टाकायचे आणि पोरगं पहिलीत बसायचं. तो चालतो कसा, डोळ्याला डोळा देतो का, हे बघायची पद्धत नव्हती. पण बसल्यानंतर काय? ज्याला अक्षरं जागेवर दिसत नव्हती त्याला शिक्षा ठरलेली असायची: चुकलेला शब्द शंभर वेळा लिहून आण. ज्याला बसवत नव्हतं त्याला अंगठे धरून ओणवं उभं करत. डावखुऱ्याच्या डाव्या हातावर छडी. तरीही फरक पडला नाही तर त्याच वर्गात पुन्हा एक वर्ष, आणि मग आणखी एक. मिसरूड फुटलेला एक मुलगा मागच्या बाकावर बसून चौथीच्या कविता म्हणतोय, हे दृश्य आम्हाला विनोदी वाटायचं.

महाराष्ट्रात १९९६ च्या सुमारास अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळायला लागल्या. जादा वेळ मिळू लागला, लेखनिक मिळू लागला. त्याच सुमारास मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीं पर’ आला आणि थिएटरातून डोळे पुसत बाहेर पडलेल्या मध्यमवयीन पुरुषांत काही जण सिनेमासाठी रडत नव्हते. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यांत स्वमग्नताही आहे आणि अध्ययन अक्षमताही. एडीएचडीला, म्हणजे बूड न टेकणाऱ्यांना, स्वतंत्र जागा त्या यादीतही नाही. त्या मुलांनी अजून ओणवं उभं राहायचं की काय, कोण जाणे.

आणि आता सगळं सुरळीत आहे म्हणावं, तर शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशाच्या वेळी मुलांची चाचणी घ्यायला बंदी केल्यापासून शाळा नुसत्या ‘गप्पा’ मारतात. गप्पांनंतर बाई अतिशय गोड आवाजात सांगतात, ‘आम्हाला वाटतं, याला आमच्यापेक्षा चांगली शाळा मिळायला हवी.’ आमच्या हेडमास्तरांना एवढं गोड बोलता यायचं नाही. ते पोराला आत घ्यायचे आणि मग झोडायचे. आता झोडत नाहीत, कारण आतच घेत नाहीत. ज्या घेतात त्यांतल्या काही वर्गात मुलाशेजारी बसायला शॅडो टीचर आणायला सांगतात, आणि तिचा पगार आईबापांनी द्यायचा असतो. मनापासून करणाऱ्या शाळाही आहेत. त्यांचे नंबर पालक एकमेकांना दबक्या आवाजात देतात, जागा भरून जातील म्हणून.

थेरपी सेंटरच्या आत कधी डोकावलात तर ओळखीच्या वस्तू दिसतील. छताला टांगलेला झोका. पिंपभर तांदूळ किंवा राजमा, त्यात लपवलेली खेळणी. अंगावर घ्यायचं वजनदार ब्लँकेट, ज्याच्या भारानं बिथरलेलं मूल शांत होतं. आमच्या घरात सोप्यावर झोपाळा होता, परातीत निवडायचे तांदूळ होते, आणि आजीच्या चार जुन्या लुगड्यांची गोधडी इतकी जड होती की खाली कूस बदलायची म्हणजे ताकद लागायची. हे वाचून एखादे काका ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणून पुढे पाठवतीलच. पूर्वजांना काही ठाऊक नव्हतं. गोधडी जड होती कारण रग विकत घ्यायला पैसे नव्हते. झोपाळ्यावर बसलेल्या पोराला आजोबा आल्यावर उठावं लागायचं, त्याची त्या दिवशीची गरज कितीही असली तरी. सेंटरमधला झोका पंचेचाळीस मिनिटं मिळतो, पण तेवढा वेळ तो त्याचाच असतो.

एका बाबतीत मात्र काळ जागचा हललेला नाही. तेव्हा पोर बोललं नाही तर आईनं गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरलेली असायची. आता तिनं त्याच्या हातात मोबाइल दिलेला असतो. अमेरिकेत १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या गृहस्थानं जाड पुस्तक लिहून आईच्या कोरडेपणावर ठपका ठेवला आणि तिकडच्या एका पिढीतल्या आया त्यात होरपळल्या. आपल्याकडे त्यासाठी पुस्तकाची गरज लागली नाही. चुलतसासू पुरेशी होती. आता तिची जागा सोसायटीच्या ग्रुपनं घेतली आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही सोयीनं विसरतो. आम्हाला आठवतात ती चौकात आलेली मुलं. दूध आणणारा, वार सांगणारा, चपला लावणारी. ज्यांच्याकडून काही काम होत नव्हतं, जी स्वतःच्या हाताला चावत होती, ती वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत होती. त्या खोलीतून येणारा आवाज आम्हा सगळ्यांना माहीत होता आणि त्याबद्दल विचारायचं नसतं, हेही माहीत होतं. हळदीकुंकवाला बायका गेल्या की त्या खोलीला बाहेरून कडी असायची. कुणी अंगारा, कुणी गंडा, कुणी मिरच्यांची धुरी सुचवायचं. मुलगी असेल तर लग्न सुचवायचं. संस्थेत ठेवलेल्यांचं काय व्हायचं, ते १९९४ साली कळलं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढल्याची बातमी आली तेव्हा. त्याच्या तीन वर्षं आधी आम्ही ‘चौकट राजा’ बघून दिलीप प्रभावळकरांच्या नंदूसाठी रुमाल भिजवले होते. घरी येऊन वरच्या मजल्यावर कुणी गेलं नाही.

आता कडी लावत नाहीत. २ एप्रिलला, स्वमग्नता जागृती दिनी, इमारतींवर निळे दिवे लागतात. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतलं मूल तपासलं जातं आणि जिल्ह्याच्या केंद्रात पाठवलं जातं. गावातली आई एक दिवसाची मजुरी सोडून, पोराला कडेवर घेऊन एसटीनं तिथं जाते. शहरातली आई तेच ओला करून, नोकरी सोडून करते. फ्लॅटचं दार मात्र आपोआप लागतं, कडीची गरजच पडत नाही. शेजाऱ्यांना मुलाचं नाव ठाऊक नसतं. रात्री उड्यांचा आवाज येतो एवढीच ओळख. गणपतीत आमच्या वाड्यात आरतीला झांजा त्या कालनिर्णयवाल्याच्या हातात असायच्या. तो आपल्या लयीत वाजवायचा आणि पन्नास माणसं नाइलाजानं त्याच्या लयीत ‘सुखकर्ता’ म्हणायची, म्हणजे अडखळत. आता विसर्जनाच्या आदल्या दिवशी अशी कितीतरी कुटुंबं सामान बांधून शहराबाहेर जातात. डीजेच्या भिंतीसमोर हेडफोन टिकत नाहीत.

‘आमच्यानंतर काय?’ हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. आज त्याला फॉर्म आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमता येतो, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे. साठीतले आईबाप ट्रस्ट करतात, निवासी संस्था बघून येतात, न्यू जर्सीतल्या भाचीला व्हिडिओ कॉलवर भीत भीत विचारतात. ती विचार करून सांगते म्हणते. या सगळ्यात मन पिळवटून जातं, पण निदान विचारलं जातं.

तेव्हा उत्तर तयार असायचं: धाकट्या भावाची बायको. मुलगी बघायला गेले तेव्हा तिला गाणं येतं का विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. घरात असा दीर आहे हे तिला लग्नानंतर कळलं. आमच्या कालनिर्णयवाल्याचं सगळं अशाच एका वहिनींनी केलं, तो जाईपर्यंत. आम्ही त्याला घराण्याचे संस्कार म्हणत आलो. मध्यंतरी एका लग्नात त्या भेटल्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत. जुन्या दिवसांबद्दल आमचा गहिवर त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. ‘मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की नाही, आता सांगता येत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘भाऊजी चांगले होते. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रोज रात्री मुगाची खिचडीच लागायची हो त्यांना, पहिल्या दिवसापासून. आणि मला मूग अजिबात आवडत नाहीत.’